मुंबईची हवा आणि आपला टेम्पो

दिवस कलला की ओतूर, उदापूर, डिंगोरे या पट्ट्यातल्या कुठल्याही फाट्यावर जाऊन उभे राहा. कुणी मोटारसायकलवर कोथिंबिरीच्या जुड्यांचं ओझं बांधून आलेला असतो, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टोमॅटोचे क्रेट आणून रस्त्याकडेला उतरवलेले असतात. तेवढ्यात पिकअप येते. ड्रायव्हर खाली उतरतो, वहीत नाव आणि डाग लिहितो, माल रचतो, वरून ओलं गोणपाट टाकतो आणि पुढच्या फाट्याकडे निघतो. पाच-सात जणांचा माल भरला की गाडी कल्याण रस्त्याला लागते. रात्रीतून माळशेज उतरायचा, मुरबाड मागं टाकायचं आणि पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटात गाडी लावायची. मंचर, घोडेगाव, पारगाव भागातल्या पुष्कळ गाड्या चाकण-तळेगावकडून जातात, एवढाच काय तो फरक. दोन-चार दिवसांनी पट्टी येते. तुम्ही-आम्ही आधी पट्टीचा शेवटचा आकडा बघतो आणि मग वरची वजावट.

या पट्टीत पुढंमागं एक नवी ओळ येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, गाडीच कल्याणच्या अलीकडे अडवली जाऊ शकते. विषय मुंबईच्या हवेचा आहे. पण वाचकहो, तो वाचून पान उलटू नका, कारण त्या हवेचा हिशेब तुमच्या-आमच्या बांधावर येऊन ठेपायला फार वेळ लागणार नाही.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

मुंबईची हवा बिघडली म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. त्या याचिकेवर ९ जानेवारी २०२५ रोजी खंडपीठाने आदेश दिला. गाड्यांचा धूर हे प्रदूषणाचे मोठे कारण आहे. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलवर चालणारी वाहने टप्प्याटप्प्याने बंद करणे शक्य आहे का, याचा अभ्यास करण्यासाठी जाणकारांची समिती नेमा, असे शासनाला सांगण्यात आले. शासनाने त्याच महिन्यात निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात डिझेल-पेट्रोलच्या गाड्यांना बंदी करून फक्त सीएनजीच्या आणि विजेच्या गाड्या चालू द्याव्यात का, हे तिने तपासायचे होते. मुदत तीन महिन्यांची.

समितीत कोण होते? परिवहन आयुक्त होते, मुंबईचे वाहतूक पोलीस सहआयुक्त होते. महानगर गॅस कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक, महावितरणचे अधिकारी, मोटार कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्षही होते. म्हणजे गॅस विकणारा, वीज विकणारा आणि गाड्या विकणारा, तिघेही आत. भाजी पिकवणारा, ती वाहून नेणारा आणि मार्केटात ती उतरवून घेणारा या यादीत नव्हता. आणखी जाणकारांना बोलावण्याची मुभा समितीला होती हे खरे. पण बोलावतात कुणाला? ज्याचा आवाज आधी कानावर पडलेला असतो त्याला. जुन्नर-आंबेगावच्या टेम्पोवाल्याचा आवाज कुणाच्या कानावर पडला होता?

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कागदावर "मुंबई" असे लिहिले तरी हा प्रदेश कुलाबा ते दहिसर एवढाच नाही. महानगर प्रदेशात ठाणे आले, कल्याण-डोंबिवली आले, भिवंडी, नवी मुंबई, पनवेल सगळे आले. म्हणजे कल्याणची बाजार समितीही आत आणि वाशीची सुद्धा आत. आपल्या मालाची ही दोन मोठी दारं एकाच कुंपणात आहेत.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी भाजी भायखळ्याला जायची. तिथं गाड्यांची गर्दी मावेना म्हणून नव्वदच्या दशकात तो बाजार खाडीपलीकडे वाशीला नेला. तेव्हा हमाल, व्यापारी, शेतकरी सगळ्यांनीच कुरकुर केली, आणि मग सवय झाली. शहराबाहेर म्हणून नेलेला तो बाजार आज पुन्हा शहराच्या पोटात आहे. बाजार जागचा हललेला नाही, शहरच त्याच्या अंगावरून पुढं गेलं.

कमी धुराचं क्षेत्र म्हणजे काय

ही कल्पना मुंबईची नाही. जगात अनेक शहरांनी आपल्याभोवती अशी रेघ ओढलेली आहे. रेघेच्या आत यायचं तर गाडीचं इंजिन ठरावीक दर्जाचं हवं. नसेल तर पैसे भरा, नाहीतर बाहेर थांबा. लंडनने २००८ साली मालमोटारींसाठी असं क्षेत्र सुरू केलं. मग ८ एप्रिल २०१९ पासून शहराच्या मध्यभागात मोटारी आणि छोट्या मालगाड्यांसाठी अधिक कडक क्षेत्र आलं. रस्त्यावर कॅमेरे असतात, ते नंबर प्लेट वाचतात, आणि जुन्या इंजिनाच्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात.

हे क्षेत्र अख्ख्या लंडनभर वाढवायचं ठरलं तेव्हा तिथल्या प्रशासनाने २० मे ते २९ जुलै २०२२ या काळात लोकांच्या हरकती मागवल्या. ५७ हजारांवर उत्तरं आली. विरोध करणारे जास्त होते. तरीही २९ ऑगस्ट २०२३ पासून वाढ अमलात आली. मग हरकती पाण्यात गेल्या म्हणायच्या का? तसंही नाही. जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला पैसे देण्यासाठी ११ कोटी पौंडांचा निधी ठेवावा लागला, आणि ओरड वाढली तशी तो १६ कोटींवर नेला. छोट्या धंदेवाल्यांनाही त्यातून मदत मिळाली.

पण आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढं आहे. ही मदत लंडनच्या हद्दीत राहणाऱ्यांना होती. हद्दीला लागून असलेल्या सरे परगण्यातले लोक रोज कामधंद्याला लंडनमध्ये जायचे. त्यांना आकार लागू, मदत मात्र नाही. सरेची परगणा परिषद लंडनमधल्याच चार नाराज स्थानिक परिषदांबरोबर न्यायालयात गेली. जुलै २०२३ मध्ये निकाल विरुद्ध गेला. सरे म्हणजे लंडनचं जुन्नर म्हणा ना! पैसे भरताना तुम्ही शहराचे, मदत घेताना मात्र परगावचे.

मुंबईत आपलं मत नाही. मुंबई महापालिकेचा नगरसेवक आपल्याला विचारत नाही, नवी मुंबईचाही नाही. मुंबईच्या वर्तमानपत्रात बारीक टायपात छापून आलेली जाहीर सूचना आपल्या पारावर येत नाही. रेघ ओढताना ज्याला विचारायला हवं तो नेमका रेघेच्या बाहेर राहतो. या सगळ्या प्रकरणातला खरा पेच मला हाच वाटतो.

दिल्लीच्या पट्टीवरून शिकावं

लंडन लांब आहे, असं कुणी म्हणेल. तर दिल्ली घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०१५ पासून दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांवर पर्यावरणाच्या नावाने आकार बसला. सुरुवातीला हलक्या गाडीला ७०० रुपये होता, महिना-दीड महिन्यातच तो १४०० झाला. मोठ्या ट्रकला २६००. भाजी, फळं, दूध, धान्य नेणाऱ्या गाड्यांना मात्र तेव्हा सूट होती. तिकडचे शेतकरी निर्धास्त राहिले.

दहा वर्षं ही सूट टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. जीवनावश्यक माल असला तरी गाडीचा धूर तेवढाच, आणि सूट आहे का हे बघायला नाक्यावर गाड्या थांबवाव्या लागतात, त्याने धूर आणखी वाढतो, असं त्यामागचं म्हणणं. यात खोट काढायला जागा नाही. पुढं १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या मालगाड्यांवर इंजिनाची अट आली: भारत स्टेज ६, सीएनजी, एलएनजी किंवा वीज. स्टेज ४ च्या गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ देण्यात आला. त्याहून जुन्या गाड्यांना प्रवेशच बंद झाला.

आता आपला हिशेब मांडून बघू. पिकअपमध्ये टोमॅटोचे ७० क्रेट धरा. (कागदावर गाडी दीड टनाची असते आणि प्रत्यक्षात काय भरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आपण कागदावरचंच धरू.) दिल्लीचा दर मुंबईला लावला तर १४०० रुपये भागिले ७०, म्हणजे क्रेटमागे २० रुपये. क्रेट २० किलोचा, म्हणजे किलोमागे एक रुपया. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता, तेव्हा हे २० रुपये कुणी मोजलेही नसते. पण भाव पडतात तेव्हा क्रेटचे शंभरही हातात येत नाहीत, तोडणीची मजुरी निघत नाही, टोमॅटो बांधावर ओतावे लागतात. त्या दिवशी तेच २० रुपये पाचवा हिस्सा होतात.

आणि हे २० रुपये भरणार कोण? टेम्पोवाला भाडं वाढवणार, भाडं पट्टीतून कापलं जाणार. व्यापाऱ्याला त्याची झळ नाही आणि गिऱ्हाइकालाही फारशी नाही. आपला माल नाशवंत, भाव ठरवणं आपल्या हातात नाही, त्यामुळं साखळीत कुठंही खर्च टाकला तरी तो घरंगळत येऊन शेतकऱ्याच्या पायाशी थांबतो. पाणी उताराकडं धावणारच, त्याला काय करणार?

तरीसुद्धा स्पष्ट लिहितो. आकार बसला तर आपण रडतखडत का होईना, निभावून नेऊ. निभणार नाही ती अचानक आलेली बंदी.

तुमची पिकअप कोणत्या सालची?

घरी गेल्यावर गाडीचं आरसी बुक काढून बघा. १ एप्रिल २०२० नंतर नोंदलेली नवी गाडी असेल तर ती स्टेज ६ ची असण्याचीच शक्यता, तूर्त चिंता नाही. एप्रिल २०१७ ते मार्च २०२० मधली असेल तर बहुधा स्टेज ४. त्याच्या आधीची असेल तर स्टेज ३ किंवा त्याहून जुनी असू शकते. तुम्हाला आठवत असेल, २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून स्टेज ३ च्या गाड्या विकायला बंदी केली आणि शेवटच्या दोन दिवसांत शोरूमवाल्यांनी सवलतीत गाड्या काढल्या. तेव्हा मोटारसायकली घ्यायला झुंबड उडाली होती. स्वस्तात मिळालेल्या त्या गाड्यांचं पुढं काय होणार, हा विचार त्या गर्दीत कोण करणार?

आपल्याकडच्या कितीतरी पिकअप, छोटा हत्ती, ४०७ आणि आयशर शहरात एक आयुष्य काढून आलेल्या असतात. शहरात गाडी जुनी झाली की ती खेड्यात उतरते. गावातला तरुण पतसंस्थेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज काढून ती घेतो, रंगरंगोटी करतो, पुढच्या काचेवर देवाचं नाव लिहितो आणि मुंबईच्या फेऱ्या मारतो. मुंबईची वाट बंद झाली तर त्याचा धंदा बसेल आणि त्याच दिवशी गाडीची किंमतही उतरेल, कारण तशी गाडी मग घेणार कोण? कर्जाचा हप्ता मात्र उतरत नाही. लागवड, फवारणी, तोडणी यांचा विचार करायला निदान कृषी खातं आहे. या पोराचा विचार करणारं खातं कुठलं?

विजेची गाडी घ्या, असं सांगणारे भेटतील. शहरातल्या शहरात पार्सलं पोचवायला विजेचे टेम्पो चालतात, आणि चांगले चालतात. पण नारायणगाव ते वाशी हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, जाऊन-येऊन साडेतीनशे, त्यात भरलेली गाडी घेऊन माळशेज उतरायचा आणि रिकाम्या क्रेटसह पुन्हा चढायचा. त्या मानाने सीएनजी जवळचा उपाय आहे. पण सिलिंडरचं वजन आणि जागा मालातून वजा होते, आणि पंपावरची रांग लागली तर मेथी थांबत नाही, ती पिवळी पडते. रेल्वे म्हणाल तर आपल्या दोन्ही तालुक्यांत रूळच नाही. सगळा माल टायरवर.

शासनाची सवलत तरी कुणाकडं वळते बघा. ऑगस्ट २०२५ पासून राज्याने विजेच्या गाड्यांना टोलमाफी द्यायला सुरुवात केली. अटल सेतूपासून आरंभ झाला. चांगली गोष्ट. पण ती मोटारींना आणि बसना. मालवाहू गाड्या त्यात नाहीत. पंचवीस लाखांच्या मोटारीला माफी आणि कोबी नेणाऱ्या टेम्पोला पावती!

धूर आपल्याही छातीत जातो

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर हा लेख अर्धाच राहील.

मुंबई म्हणजे काही परकं गाव नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागातल्या किती घरांतली माणसं मुंबईत आहेत! डबेवाले याच मातीतले. सायकल आणि लोकल यांच्या जोरावर त्यांनी शंभराहून अधिक वर्षं धंदा केला, तोही धुराचा थेंब न सांडता. मार्केटात पोती उचलणारा माथाडी, गाळ्यावर दिवाणजी म्हणून बसलेला भाचा, कांदिवलीला चाळीत राहणारी बहीण, तिचं दम लागणारं पोर, ही सगळी आपलीच माणसं आहेत. आणि डिझेलच्या जुन्या इंजिनाचा काळा धूर सगळ्यात जास्त गिळतो कोण? त्या गाडीचा ड्रायव्हर आणि ती गाडी खाली करणारा हमाल. मार्केटच्या फाटकात दोन-दोन तास गाड्या चालू ठेवून रांगेत उभं राहिल्यावर रुमालावर काय उमटतं ते त्यांना विचारा.

इंजिनाच्या पिढीमधला फरक खोटा नाही. स्टेज ४ च्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० भाग होतं, स्टेज ६ च्या डिझेलमध्ये ते १० वर आलं. त्यामुळेच नव्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसवता येते. तेव्हा "आमच्या एका टेम्पोनं काय होतंय" हे म्हणणं सोडून द्यावं. हवा सुधारायला हवी यावर वाद नको. ती सुधारण्याचा खर्च कुणी, किती आणि किती दिवसांत सोसायचा, यावर जरूर वाद घाला.

क्षेत्र म्हणजे काय, हे आपल्याला नवीन नाही

रेघा ओढणं म्हणजे काय हे आपल्या दोन तालुक्यांना बाहेरच्याने शिकवायला नको. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं. खोडदला रेडिओ दुर्बीण आली आणि तिच्या भोवतीच्या पट्ट्यात कुठले कारखाने यावेत यावर बंधनं आली. जगभरचे शास्त्रज्ञ तिथं आकाश ऐकतात याचा अभिमान आहेच, पण एमआयडीसीचं नाव काढलं की काय उत्तर मिळतं तेही ठाऊक आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत पश्चिमेकडची आपली कितीतरी गावं आली. त्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ असा सहा वेळा काढला. दर वेळी हरकतींसाठी ६० दिवस.

त्या ६० दिवसांत आपल्याकडं काय झालं? निम्म्या गावांत मसुदा पोचलाच नाही, जिथं पोचला तिथं तो वाचून दाखवायला कुणी नव्हतं. कुणी म्हणालं घरं उठणार, कुणी म्हणालं गवत कापायला बंदी. अफवेच्या जोरावर ठराव झाले. काही ग्रामपंचायतींनी शेजारच्या गावाचाच ठराव नाव बदलून पाठवला. अशा हरकतीला वजन कसं येणार? वाचणाऱ्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळतं, हे छापील आहे.

भाषेचीही गोष्ट आहे. २०२० साली केंद्राने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला तो फक्त इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितलं की देशातल्या अनुसूचित २२ भाषांत त्याचा अनुवाद करा, आणि मुदतही ११ ऑगस्टपर्यंत वाढवून दिली. म्हणजे आपल्या भाषेत मसुदा मागणं हा लोचटपणा नाही, न्यायालयाने मान्य केलेली गोष्ट आहे.

धुराच्या क्षेत्राचं आणखी एक वेगळेपण आहे. जंगलाच्या क्षेत्राला केंद्राची अधिसूचना लागते, ६० दिवस लागतात. रस्त्यावर गाड्या अडवायला तेवढंही लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली शासनाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी ठरावीक प्रकारच्या वाहनांना रस्ता बंद करता येतो. आणि बंदी महिन्याभराच्या आतली असेल तर ती राजपत्रात छापायचीही गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. "प्रायोगिक तत्त्वावर" हे शब्द तुम्ही वाचले असतील. एक महिन्याचा प्रयोग होतो, मग तो पुढं चालू राहतो. स्थानिक प्रसिद्धी म्हणजे कुठली? ठाण्याची, कल्याणची, वाशीची. ओतूरची नव्हे.

सूट मागू नका, मुदत मागा

मग मागायचं काय? "भाजीपाल्याच्या गाड्यांना वगळा" ही पहिली मागणी सगळ्यांच्या तोंडी येते. दिल्लीचा अनुभव समोर असताना मला ती कच्ची वाटते. मेहेरबानीची सूट कधी उठेल याचा नेम नाही, आणि तोवर आपण तयारी करत नाही. त्यापेक्षा तारखा मागा. कुठली गाडी कुठल्या तारखेपर्यंत चालेल हे पाच-सात वर्षं आधी जाहीर करा. म्हणजे कर्ज काढून गाडी घेणारा पोरगा डोळे उघडे ठेवून घेईल. ज्याचा आधीच हप्ता चालू आहे त्याच्या गाडीला हप्ता फिटेपर्यंत वेळ द्या.

मदत रेघेच्या बाहेरच्यालाही मिळाली पाहिजे, ही दुसरी मागणी. गाडी एमएच १४ ची असो वा एमएच ०४ ची, मार्केटात वर्षभर फेऱ्या असल्याची नोंद बाजार समितीच्या फाटकावर असते. ती नोंद पुरावा धरा. इथं माथेरानचं उदाहरण पाठ करून ठेवण्यासारखं आहे. तिथं मोटारींना बंदी, त्यामुळं माणसंच हातरिक्षा ओढायची. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली आणि सोबत हेही सांगितलं की नव्या ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांच्याच हाती जायला हव्यात. जुनं ज्याच्याकडून काढून घ्यायचं, नवं पहिल्यांदा त्याच्याच हातात द्यायचं. टेम्पोवाल्याला हेच हवं.

आकार बसवायचा झाला तर तो पट्टीतून कापला जाऊ नये, असा नियम त्याच अधिसूचनेत हवा. हे काही स्वप्नरंजन नव्हे. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. तरी तो निर्णय झालाच. (पट्टीत अजून कुठल्या नावानं काय लपतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.)

कुणी सुचवतं की हद्दीवर मोठं आवार करा, तिथं माल विजेच्या गाडीत बदलून आत न्या. क्रेटमधला टोमॅटो किंवा गोणीतला कांदा-बटाटा असेल तर चालून जाईल. पालेभाजीला चालणार नाही. एक हात जास्त फिरला की जुडी सैल होते, पान काळं पडतं आणि भाव निम्म्यावर येतो. शिवाय दुसरी हमाली. अशी बारीकसारीक गोष्ट मुंबईत बसून कुणाला सुचणार? ती आपणच लिहून कळवली पाहिजे. हरकत अशी हवी: माझी गाडी अमुक सालची, आठवड्याला इतक्या फेऱ्या, अमुक माल, फाटकात सरासरी इतका वेळ थांबते, कर्ज इतकं बाकी. एका पानात मावतं. शंभर छापील ठरावांपेक्षा अशी वीस पत्रं जड भरतात.

तयारी मसुदा निघण्याची वाट न बघता करून ठेवावी. येत्या ग्रामसभेत विषय घ्या. आदिवासी पट्ट्यातल्या पेसा गावांच्या ग्रामसभेच्या शब्दाला तर जास्तच किंमत आहे. हिरडाही शेवटी गाडीतूनच खाली येतो. जुन्नर आणि आंबेगावच्या दोन्ही बाजार समित्यांनी आपल्या आवारातून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची साल, इंधन आणि मालानुसार यादी करायला घेतली तर महिन्याभरात ती पुरी होईल. अशी यादी हातात असलेला माणूस समितीपुढं बोलायला उभा राहिला, तर त्याला खाली बसवणं अवघड जातं.

पत्र पाठवाल तेव्हा एक प्रत परिवहन आयुक्तांना, एक पणन संचालकांना आणि एक आपल्या आमदारांना द्या. वर विषय, खाली तारीख, सही, पत्ता आणि गाडीचा नंबर. टपालाने पाठवणार असाल तर रजिस्टर पत्र आता वेगळं राहिलेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात मिसळलं. तेव्हा स्पीड पोस्टानेच टाका आणि पावती जपा. हातोहात दिलंत तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.